मातीचे बैल आणि पॉलिमर क्लेचा साज : प्रकल्प नोंदी

११ मे २०२५, रविवार. वडगाव, बेळगाव

आजपासून वही सुरू. ज्येष्ठ अमावास्येला देवापुढे मांडायची बैलजोडी यंदा पॉलिमर क्लेची करायची आणि ती करता करता हाताला लागेल ते त्यात मिसळून बघायचं, एवढंच ठरलंय. अमावास्या २५ जूनला आहे. दीड महिना हातात आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे या दिवसाला शेजारचे कन्नड लोक मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. मातीची जोडी करायची, पुढ्यात गव्हाण करायची, पूजा करून कडबूचा नैवेद्य दाखवायचा. इथून पुढे पावसाळाभर मातीचीच पूजा चालते : बैल, मग आषाढातल्या मंगळवारची गुळ्ळव्वा, मग नागोबा, गणपती आणि जोकुमार. आमचं घर मराठी, तरी बैल आणि गुळ्ळव्वा सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून घरात आहेतच. वडगावात भिंतीला भिंत लागून घरं. सण कोणाचा, हे कोण विचारत बसतं?

क्ले पार्सलनं आलाय. ५७ ग्रॅमची अकरा पाकिटं : पांढरा चार, लाल दोन, काळा, पिवळा, हिरवा, सोनेरी आणि एक अर्धपारदर्शक. नाव क्ले असलं तरी यात मातीचा कणही नाही. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य आणि रंग. पाणी नाहीच, त्यामुळे वाळायचाही प्रश्न नाही. उघडा ठेवला तरी आठवडाभरानं पुन्हा मळता येतो. भट्टीत उष्णता लागली की भुकटीचे कण फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि सगळं मिळून एक घट्ट तुकडा होतो.

हा प्रकार आधी बाहुल्यांच्या घरात रुजला, हे वाचून फार बरं वाटलं. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझे यांच्याकडे हे द्रव्य आलं होतं. कारखान्यातल्या बाहुल्यांना ते जमलं नाही, पण त्यांची मुलगी फिफी हिनं त्यात खेळ सुरू केला. फिफी आणि मोझाईक जोडून नाव झालं आणि १९६४ मध्ये ते एका पेन्सिल कंपनीनं घेतल्यावर त्याचं फिमो झालं. मुलीच्या खेळातून आलेली वस्तू आहे, तेव्हा मीही खेळतच शिकणार.

घरातला नियम आजच लावला. जुना ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, वरच्या गच्चीतल्या खोलीत गेला. आता त्यात खाण्याचं काही भाजायचं नाही. एक लाटणं आणि एक शेवेचा सोऱ्याही कायमचे वर गेले.

१४ मे, बुधवार

आज बैल नाही, फक्त उष्णता. पाकिटावर लिहिलंय ११० अंश, अर्धा तास. ओटीजीचा काटा ११० वर ठेवला आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवला. सळ्या तापल्या की पारा १३८ वर जातो, बंद झाल्या की १०४ वर उतरतो. काट्यावर विसंबून पहिलाच बैल आत घातला असता तर त्याची शिंगं तपकिरी होऊनच बाहेर आली असती.

पांढऱ्या क्लेच्या तीन मिलिमीटर जाडीच्या, बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. जाडी सारखी यावी म्हणून लाटण्याच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांचे सारखे गठ्ठे ठेवले. एकेक पट्टी वेगळ्या उष्णतेवर अर्धा तास.

शंभर अंशांवरची वरून अगदी छान दिसत होती, पण वाकवली तर बिस्किटासारखी मोडली. कच्चं राहिलेलं असं फसवतं, म्हणून नुसतं बघून चालायचं नाही. ११० ची वाकली आणि सोडल्यावर परत सरळ झाली. १३० ची त्याहूनही लवचीक, पण पांढऱ्यावर साईचा रंग चढला. १५० च्या पुढे कडा तपकिरी झाल्या आणि नाकाला झोंबणारा वास आला. ओटीजी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि भाचीला खाली पाठवलं. पीव्हीसी करपायला लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईड सुटतो. तो नाकाला, घशाला, फुप्फुसाला वाईट. लहान मूल जवळ असताना भाजायचं नाही, हा दुसरा नियम.

उपाय सापडला. ट्रेवर फरशीचा जाड तुकडा ठेवायचा, आत काही घालायच्या आधी वीस मिनिटं तापवायचं आणि वस्तूवर फॉइलचा सैल तंबू करायचा. फरशी उष्णता धरून ठेवते, तंबू सळ्यांची थेट धग अडवतो. काटा ९५ वर ठेवला की आत १०८ ते ११६ राहतं. ओटीजीवर स्केचपेननं खूण केली.

जळकी पट्टी वहीला चिकटवून ठेवतेय.

१८ मे, रविवार

पहिला बैल. चार बोटं उंच, वीतभराहून थोडा कमी लांब. आत फॉइलचा गोळा, हातोडीनं ठोकून घट्ट केलेला, त्यावर पाच मिलिमीटरचा थर. भरीव केला असता तर सगळा पांढरा संपला असता, शिवाय जाड भाग आतून कच्चा राहतो.

क्ले मळायलाच पाऊण तास गेला. पाकिटातून काढल्याकाढल्या कडक असतो, कडेला भेगा पडतात. कणकेसारखं दाबून, लांब करून, दुमडून, पुन्हा दाबून तळहाताची ऊब त्यात गेली की मग ऐकतो. पांढरा मळायच्या आधी हात धुऊन ओल्या फडक्यानं पुसायचे आणि काळ्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. आमच्या घरी मागामुळे हवेत सुताची लव उडत असते, ती पांढऱ्यावर लगेच दिसते. ती टोचून काढत बसले.

आमच्याकडचा बैल म्हणजे खिलार. निमुळतं तोंड, वशिंड उभं, शिंगं लांब आणि मागे वळलेली. शिंगांनीच घात केला. भट्टीत क्ले घट्ट होण्याआधी काही मिनिटं उलट मऊ पडतो. तेवढ्यात दोन्ही शिंगं कानांवर वाकली. दुसऱ्या खेपेला आत बाइंडिंग वायर घातली आणि शिंगांखाली कागदाच्या घड्यांचा टेकू दिला. उभी राहिली.

भाजायच्या आधी बोटांचे ठसे मेडिकलमधल्या स्पिरिटनं पुसले, भाजल्यावर ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्याखाली घासला. गुळगुळीत झाला, हस्तिदंतासारखा. यांना फार आवडला. मी रात्री दिव्याखाली बराच वेळ बघत बसले आणि मला तो परका वाटला. सासूबाईंच्या बैलावर त्यांच्या अंगठ्याची रेघन्‌रेघ असते. याच्यावर कोणाच्याच हाताची खूण नाही. मीच ती पुसून टाकली होती.

१९ मे

दुपारी लाईट गेली, ऐन भाजणीत. अठरा मिनिटांवर. उरलेली बारा संध्याकाळी पूर्ण केली. अर्धवट राहिलेलं पुन्हा भाजता येतं, काही बिघडत नाही. ही फार मोठी सोय आहे.

२५ मे, रविवार. खानापूर

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. बेळगावातून निघताना भुरभुर होती, खानापुरात उतरलो तेव्हा धो-धो. पंचवीसेक किलोमीटरांत आभाळ एवढं बदलतं.

खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. मी मात्र सासूबाईंच्या ओळखीतल्या एका कुंभार घरी गेले. पाऊस असल्यानं चाक बंद, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी बंद, पडवीत माती मळणं तेवढं चालू. घरची आजी पायानं माती तुडवत होती. माती आधी वाळवून कुटायची, भिजवून गाळायची, पुन्हा आटवायची, मग तुडवायची. त्यात बारीक वाळू मिसळायची, म्हणजे वाळताना तडकत नाही. मूर्तीला वेगळी, माठाला वेगळी.

मी माझा पांढरा क्ले त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी दोन बोटांत दाबला, नाकाशी नेला, गालाला लावला.

"थंड लागत नाही की गे हे," म्हणाल्या. "आणि वास पण नाही."

मग त्यांनी आपल्या गोळ्यातला एक लचका तोडून माझ्या हातावर ठेवला. ओला, गार, जड. वास पहिल्या पावसाचा. इतके दिवस मी मळत होते ते आणि हे, दोन्हींत काही नातं नाही हे त्या क्षणी तळहाताला कळलं. दोन्हींना आकार घेता येतो, इतकंच साम्य. मातीतून पाणी जातं आणि ती आक्रसते. आव्यात पाचसहाशे अंश ओलांडले की तिच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, मग ती पुन्हा कधी चिखल होत नाही. पण नुसती वाळलेली माती पाण्यात टाका, ती परत पहिल्यासारखी. क्लेमधून जवळपास काहीच जात नाही, म्हणून तो आक्रसत नाही, आणि एकदा भाजला की परत येत नाही.

येताना पाच किलो मळलेली माती, चार भाजलेल्या पणत्या आणि रस्त्याकडेची लाल जांभ्याची माती एका डब्यात घेतली. पैसे घेईनात. भाचीच्या हातावर उलट एक मातीची शिट्टी ठेवली.

२९ मे, गुरुवार

आजचा दिवस नुसत्या खेळाचा, आणि या महिन्यातला सगळ्यात आनंदाचा.

अर्धपारदर्शक क्ले म्हणजे मेणासारखा. त्यात कोरडी पूड मिसळली की ती आत अडकून दिसते. अट एकच, पूड हाडासारखी कोरडी हवी. जरा ओल असली तर भाजताना बुडबुडे येतात. त्या एका पाकिटाचे आठ तुकडे केले आणि भाचीला सांगितलं, घरात फिर आणि काय काय सापडतं ते आण.

तिनं आणलं ते असं. खानापूरची लाल माती : चहाच्या गाळणीतून गाळून, तव्यावर भाजून मिसळली. भाजल्यावर थेट मडक्याचा पोत, पण उजेडासमोर धरलं तर कडा चमकतात. कॉफीची पूड : खिलाराच्या नाकाडाचा रंग. चुलीची राख : धुरकट, उदास, मला आवडली. हळद : इतकी पिवळी की डोळे दिपावेत. कुंकू : रंग आला, पण हाताला आठ तास चिकटून राहिला. नाचणीचं पीठ : ठिपके येतात, पण मी ते बाद केलं. धान्य आत राहिलं तर कधीतरी कीड लागेल अशी भीती. खडूची पूड : सारखीच दिसते, उगीच घातली. आणि मागाखालची सुताची लव, जिच्याशी मी १८ तारखेला भांडत होते. जांभळी, हिरवी, किरमिजी अशी कापून मिसळली. ती आत शिरांसारखी पसरली. संगमरवराच्या फरशीत असतं तसं, फक्त लुगड्याच्या रंगांत.

सात चकत्यांना भोक पाडून दोऱ्यात ओवल्या. हळदीची चकती वेगळी, अर्धी काळ्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली आहे. हळद उन्हात उडते, हे लुगडी वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. क्लेच्या आत ती टिकते का ते बघायचंय.

१ जून, रविवार

पणतीच्या बाहेरून पांढऱ्या क्लेची नक्षी लावली. भाजून काढली तर नक्षीखाली मटाराएवढे फोड. पणती कोरडी दिसत होती, पण खानापूरच्या पावसातली हवा तिनं पिऊन ठेवली होती. ते पाणी वाफ होऊन वर आलं. दुसरी पणती आधी रिकामीच अर्धा तास तापवली, गार झाल्यावर फेविकॉलचा पातळ हात दिला, तो वाळू दिला आणि मग क्ले दाबला. एकही फोड नाही. लाकडालाही हेच लागू पडेल.

८ जून, रविवार. किल्ला

सकाळी कमल बस्तीत, म्हणजे किल्ल्यातल्या जैन मंदिरात गेलो. बेळगावात राहून दहा वर्षांत मी तिथे गेले नव्हते. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ मधली ही बस्ती. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती, आणि मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ. त्याला ७२ पाकळ्या : होऊन गेलेले, आत्ताचे आणि पुढे होणारे असे चोवीस-चोवीस तीर्थंकर. खालचे खांब इतके घोटलेले की त्यात आपलं प्रतिबिंब हलतं. मी फरशीवर बसून कागदावर पाकळीचा नुसता एक बाक काढत राहिले. भाची आडवी झोपून मोजत होती. चाळिसाच्या पुढे दर वेळी चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

घरी येऊन त्या कमळाची कांडी केली. क्लेला जे जमतं आणि मातीला कधीच जमणार नाही, ते हे. लांब कांडीभर एकच चित्र आडव्या छेदात असतं. कुठेही कापा, तेच चित्र. इटलीतल्या मुरानोचे काच कारागीर ही रीत काचेत करतात, क्लेवाल्यांनी ती तिथूनच घेतली.

आधी पाकळीचा रंग. लाल आणि पांढऱ्याचे दोन त्रिकोण तिरकस जोडायचे, खालची कड वर दुमडायची, लाटायचं, पुन्हा त्याच दिशेनं दुमडायचं, पुन्हा लाटायचं. पाच-सहा वेळा काहीच होत नाही, नुसते पट्टे दिसतात. विसाव्या वेळेला पांढऱ्यापासून गुलाबी, गुलाबीपासून लाल असा अखंड उतार तयार होतो. जुडिथ स्किनर या बाईंनी शोधलेली ही युक्ती. दिशा एकदा जरी बदलली तरी सगळं गढूळ होतं. माझी एक खेप तशी गेली.

उताराची पट्टी गुंडाळून, चेपून पाकळीचा आकार. ती कांडी ओढून लांब केली, आठ सारखे तुकडे केले, मधे पिवळा गोल ठेवून भोवती मांडले. मधल्या फटीत काळ्या क्लेच्या त्रिकोणी काड्या ठासून भरल्या. फट राहिली तर दाबताना पाकळी तिकडे पळते. सगळे रंग सारखेच मऊ हवेत, नाहीतर मऊ रंग आधी पसरतो. काळा मला जास्त मळावा लागला.

तयार झालेला लोडसा गोळा सहा सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन सेंटिमीटर लांब. मधून दाबत, फिरवत, ओढत दोन सेंटिमीटर व्यासापर्यंत आणला तेव्हा लांबी सत्तावीस झाली. व्यास तिसरा हिस्सा, लांबी नऊपट. भाचीला शाळेत हे कोणी असं दाखवलं नव्हतं, तिनं पट्टी घेऊन दोनदा मोजलं. दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं बिघडलेली असतात, ती बाजूला. मग अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि कटरच्या लांब ब्लेडनं चकत्या.

पहिली चकती कापली आणि कमळ दिसलं. दगडातलं नाही, रंगातलं. आम्ही दोघी काही बोललोच नाही. मग भाची म्हणाली, "मामी, अजून एक काप की."

१० जून

जोडीला काय चालतं, ते पटापट तपासलं. निपाणीहून आणलेल्या चपलेच्या चामड्याच्या कातरणी क्लेत रोवून भाजल्या तर वाकड्या होऊन लाकडासारख्या कडक झाल्या. कोल्हापुरी चपलेचं हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. त्याला कोरडी धग सोसत नाही. भाजून झाल्यावर चिकटवायचं. सुती दोरा : उत्तम. रेशीम : उत्तम. खोटी जर : गुंडाळली गेली, चमक गेली. खरी जर घालायचं धाडस नाही. तांब्याची तार : झकास.

१५ जून, रविवार

दोन पांढरे बैल, लाल मातीच्या क्लेची गव्हाण, वर कमळाच्या चकत्यांची झूल, सगळं तयार करून देव्हाऱ्याशेजारी मांडलं. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं. झूल बोटानं चाचपली, कमळ कोणी शिकवलं विचारलं. मग म्हणाल्या, "पूजा झाल्यावर यांना सोडायचं कुठं?"

मी म्हटलं, सोडायची गरजच नाही, वर्षानुवर्षं राहतील.

"राहिले तर पुढच्या वर्षी करणार कोण? कोण बसणार करायला?" त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "माझी आई करायची, तिच्या हातून मी शिकले. दरवर्षी विरघळतात म्हणून तर दरवर्षी बसतो की आपण."

रात्री झोप आली नाही. पहिल्या दिवशी वहीत मी लिहिलंय, बैलजोडी यंदा पॉलिमर क्लेची करायची. मातीच्या जागी प्लास्टिक ठेवायला मी निघाले होते, आणि ते प्लास्टिक मातीसारखं दिसावं म्हणून धडपडत होते. राखेचा रंग, मडक्याचा पोत, सगळी नक्कल. जिथं नक्कल नव्हती, तिथं तिथं काम जिवंत झालं : ती कांडी, ती सुताची लव.

नवा बेत. बैल मातीचे, सासूबाई करणार, भाची शिकणार, मीही शिकणार. साज क्लेचा : झूल, शिंगांच्या शेंब्या, घुंगरमाळ, गोंड्यांच्या टोप्या, म्होरकी. सगळं काढता-घालता येणारं. पूजेनंतर साज उतरवून डब्यात, बैल पाण्यात. पुढच्या वर्षी नवे बैल, तोच साज.

२० जून, शुक्रवार

वाटलं तेवढं सोपं नाही. माती आक्रसते, क्ले आक्रसत नाही. ओल्या बैलावर मापानं केलेल्या शेंब्या बैल वाळल्यावर खुळखुळायला लागल्या.

मातीची एक वडी थापून तिच्यावर सुईनं १०० मिलिमीटरची रेघ मारली होती. चार दिवसांनी, पंख्याखाली वाळल्यावर, ती ९३ भरली. म्हणजे या मातीला शंभराला सात. शेंब्या त्या हिशेबानं लहान करून चालल्या असत्या, पण पाठीचा बाक हिशेबात बसत नाही. शेवटी वाळलेल्या बैलाच्या पाठीवर फॉइल दाबून साचा घेतला, तो आतून फॉइलच्याच बोळ्यांनी भरला आणि झूल त्या साच्यावर टाकून भाजली. दीड मिलिमीटरची किरमिजी चादर, तिच्यावर तेवढ्याच जाडीच्या कमळाच्या अकरा चकत्या, लाटण्यानं एकजीव केलेल्या. कडेला दाभणानं भोकं पाडून ठेवली होती, त्यांत आमच्या मागावरच्या जांभळ्या रेशमाच्या झिरमिळ्या भाजल्यानंतर ओवल्या. पाठीवर ठेवली, बसली. कुठे धरावं लागत नाही.

शेंब्या सोनेरी क्लेच्या, शिंगांवर नुसत्या टेकतात. घुंगरं म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे सोनेरी मणी, तांब्याच्या तारेत ओवलेले. कातडी म्होरकी निपाणीच्या कातरणीतून कापली, तिला क्लेची दोन फुलं.

बैलांना मी वॉटर पेपर लावला नाही. सासूबाईंचा अंगठा डाव्या बैलाच्या वशिंडावर आहे, भाचीचा उजव्याच्या पोटावर, आणि उजव्याच्या मानेला जो जरासा पीळ पडलाय तो माझा.

२५ जून, बुधवार. अमावास्या

जोडी चुन्यानं पांढरी केली, डोळ्यांना काजळ, शिंगांना हिंगूळ. साज चढवला. गव्हाण मातीचीच, तिच्यात चार ज्वारीचे दाणे. नैवेद्य कडबू. शेजारच्या कन्नड अज्जी दारातूनच म्हणाल्या, "छलो आगेति!" म्हणजे छान झालंय, आणि आत येऊन झुलीवरून हात फिरवला. जाताना विचारलं, आषाढात गुळ्ळव्वेला गुंजा करून देशील का?

२८ जून

साज उतरवला. बैल घमेल्यात पाण्यात ठेवले. हाडासारखे वाळलेले असल्यानं अर्ध्या तासात बसले. आधी कान, मग शिंगांची टोकं, शेवटी वशिंड. भाची शेवटपर्यंत घमेल्याशी उकिडवी बसून होती. माती तुळशीत गेली.

हळदीच्या चकतीवरचा काळा कागद काढला. झाकलेली बाजू गर्द पिवळी, उघडी बाजू जुन्या लुगड्यासारखी फिकट. पावसाळी उजेडातसुद्धा. हळद साजात घालायची नाही.

१ जुलै, मंगळवार

आषाढातला पहिला मंगळवार. अज्जींची गुळ्ळव्वा मातीची, तिला लाल-काळ्या गुंजा टोचून सजवतात. खरी गुंज दिसायला देखणी, पण तिच्या आतलं अ‍ॅब्रिन हे भयंकर विष. वरचं टरफल कठीण असतं, पण भोक पाडलं किंवा मुलानं चावली तर घात. अज्जींच्या घरात आता पणतू रांगतो, म्हणून त्यांनी विचारलं होतं. क्लेच्याही तोंडात घालायच्या नाहीतच, पण तिथं धोका अडकण्याचा, विषाचा नाही. त्या मांडायच्या उंचावर, हे अज्जींनी आपणहून सांगितलं.

लाल क्लेचा वळ चार मिलिमीटरचा, पट्टीवर खुणा करून सारखे तुकडे, तळहातात गोळी. काळ्याचा मोहरीएवढा कण टोकाला दाबून पुन्हा हलकेच फिरवायचा, म्हणजे दोन्ही रंग एका पातळीत येतात. मागे तारेचं टोक, मातीत रुतायला. चकाकीसाठी पाण्यावर आधारलेलं वार्निश. मे महिन्यात एका पट्टीवर नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, ती अजून चिकट आहे. म्हणून ते नाही.

९६ केल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनाराच्या जुन्या हिशेबानं अज्जींना एक तोळा दिला.

२२ जुलै, मंगळवार

शेवटचा मंगळवार झाला. सांजेला अज्जींनी गुळ्ळव्वा विसर्जनाला आमच्याच घमेल्यात आणली. विरघळायच्या आधी गुंजा चिमट्यानं काढल्या. भाचीनं दहा-दहाच्या राशी लावल्या. ९४ भरल्या.

दोन गाळात आहेत. लाईट नाही आणि टॉर्चच्या उजेडात लाल माती आणि लाल गुंज एकच दिसतात. प्लास्टिकचा एक दाणाही तुळशीत जाऊ द्यायचा नाही, म्हणून घमेलं झाकून ठेवलंय. सकाळी पाणी वाढवून चहाच्या गाळणीतून सगळं गाळायचं. भाचीनं सहाचा गजर लावलाय.